सर्व्हरचे लॉग कोण पाहतो, आणि कधी?

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

ऑनलाइन फसवणुकीच्या आणि संस्थांच्या संगणकांवरील हल्ल्यांच्या बातम्या आपल्या दैनिकात वरचेवर येतात. किती रक्कम गेली, किती ग्राहकांची माहिती बाहेर पडली, पोलिसांनी कोणती कलमे लावली, हा तपशील त्यांत असतो. एक प्रश्न मात्र बातमीत सहसा येत नाही आणि संस्थेच्या वार्षिक सभेतही कोणी उपस्थित करत नाही. हल्ला चालू असताना त्याची नोंद सर्व्हरवर उमटत होती. ती त्या वेळी कोणी पाहत होते का? मुंबईतील लहान-मोठ्या सहकारी संस्था, पतसंस्था आणि काही रुग्णालये यांचे सर्व्हर सांभाळणे हा माझा व्यवसाय आहे. या कामात जे दिसते त्यावरून हाच प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून हे पत्र जरा विस्ताराने लिहीत आहे.

संगणकाशी रोजचा संबंध नसलेल्या वाचकांसाठी थोडे सांगतो. प्रत्येक सर्व्हर आपल्याकडे घडणाऱ्या गोष्टी मजकुराच्या फाइलींमध्ये लिहीत असतो. त्यांना लॉग म्हणतात. कोण आत आले, कोणाचा पासवर्ड चुकला, कोणता प्रोग्राम सुरू झाला, कोणत्या पत्त्यावरून विनंती आली, हे सारे वेळेसह, एका ओळीत एक नोंद याप्रमाणे, फाइलच्या शेवटी जोडले जाते. इंटरनेटला थेट जोडलेला एखादा लिनक्स सर्व्हर मध्यरात्री उघडून पाहिला, तर चुकलेल्या पासवर्डांच्या ओळी डोळ्यांदेखत सरकताना दिसतात: तारीख, तास, मिनिट, सेकंद, 'रूट' या (सर्वाधिकार असलेल्या) नावाने प्रयत्न, पासवर्ड अमान्य, समोरच्या यंत्राचा आयपी पत्ता, पोर्ट क्रमांक. दोन-तीन सेकंदांनी तशीच ओळ 'अ‍ॅडमिन' या नावाने येते, मग 'टेस्ट', मग 'बॅकअप', मग 'ओरॅकल'. जगभरातील स्वयंचलित प्रोग्राम हा उद्योग अहोरात्र करत असतात आणि यांतील बहुतेक ओळींमागे कोणी माणूस नसतो. परंतु एकाच पत्त्यावरून शे-दोनशे चुकीचे प्रयत्न झाल्यावर त्याच पत्त्याची एक ओळ 'पासवर्ड स्वीकारला' अशी येते, तेव्हा संस्थेचे पुढचे वर्ष कसे जाणार हे तिथे ठरलेले असते. दिसायला ती ओळ इतर ओळींसारखीच असते, आणि तिच्यामागोमाग आणखी शेकडो ओळी येऊन ती पडद्यावरून वर निघून जाते.

आपल्याकडील बहुतेक संस्थांत या फाइलींची अवस्था गृहनिर्माण सोसायटीच्या फाटकावरील वहीसारखी आहे. येणाऱ्याचे नाव, वेळ, गाडीचा क्रमांक, सही, सगळे लिहिले जाते. चोरी झाली की पोलीस ती वही मागतात, आणि तोवर ती कोणी उघडत नाही. पुरावा म्हणून तिचा उपयोग मोठा आहे आणि तो मी कमी लेखत नाही. पण सर्व्हरवरची ही वही यंत्र लिहीत असते आणि यंत्रच ती त्या क्षणी वाचू शकते. ही सोय हाताशी असताना आपण ती वापरत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

कायद्याची बाजू पाहू. सायबर घटना हाताळणाऱ्या, केंद्र सरकारच्या 'सर्ट-इन' या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ७०ब(६) खाली निर्देश काढले. त्यांनुसार संस्थांनी आपल्या सर्व संगणकीय यंत्रणांचे लॉग चालू ठेवावेत आणि मागील १८० दिवसांचे लॉग सुरक्षित जपावेत. सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत 'सर्ट-इन'ला कळवावी. आणि सर्व यंत्रांची घड्याळे राष्ट्रीय माहितीविज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा यांच्या वेळेशी जुळवून घ्यावीत. निर्देश चांगले आहेत आणि त्यांमुळे लॉगच न ठेवणाऱ्या अनेक संस्थांना जाग आली, हे मी स्वतः पाहिले आहे. मात्र हे ६ तास मोजायचे ते घटना लक्षात आल्यापासून, किंवा कोणी ती लक्षात आणून दिल्यापासून. जी संस्था आपले लॉग पाहतच नाही तिच्या लक्षात काही येत नाही, आणि तिचे ६ तास सुरूही होत नाहीत. दक्ष संस्थेला मुदत लागू होते आणि बेफिकीर संस्था मुदतीबाहेर राहते, असा हा उलटा परिणाम आहे. लॉग जपण्याची सक्ती झाली, तशी तो पाहण्याची झाली पाहिजे.

नागरी सहकारी बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकाने एक पाऊल पुढे टाकले आहे. बँकेच्या डिजिटल सेवांच्या व्याप्तीनुसार चार स्तर करून, सर्वांत वरच्या स्तरातील बँकांना सुरक्षा देखरेख केंद्र, म्हणजे बोलीभाषेत 'सॉक', उभारणे तिने बंधनकारक केले. पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाहीत. त्या सहकार खात्याच्या निबंधकांच्या अखत्यारीत आहेत. गिरगाव, लालबाग, परळ, दादर, भांडुप या भागांत कामगारांच्या आणि नोकरदारांच्या कितीतरी पतसंस्था आहेत. त्यांच्या सर्व्हरवर सभासदांच्या ठेवींचा, आधार क्रमांकांचा आणि मोबाइल क्रमांकांचा साठा असतो. त्या सर्व्हरचा लॉग घडत्या वेळी पाहिला जातो का, हे विचारणारी यंत्रणा आज मला तरी कामात भेटलेली नाही.

वेळीच पाहण्याने काय फरक पडतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण शेजारच्या देशातील आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या न्यूयॉर्क फेडरल रिझर्व्हमधील खात्यातून खोट्या स्विफ्ट संदेशांच्या (बँका एकमेकींना देशोदेशी पैसे पाठवण्यासाठी वापरतात त्या संदेशांच्या) आधारे ८.१ कोटी डॉलर फिलिपिन्समध्ये वळवण्यात आले. ढाक्यातील कार्यालयात स्विफ्टच्या संदेशांची प्रत आपोआप छापणारा एक प्रिंटर होता. कागदावर घडत्या क्षणी उमटणारा लॉगच तो. हल्लेखोरांच्या प्रोग्रामने यंत्रणेतील व्यवहारांच्या नोंदी लपवल्या आणि ही छपाईही बंद पाडली. शुक्रवारी, ५ फेब्रुवारीला, रोज येणारे कागद आलेले नाहीत हे कर्मचाऱ्यांच्या ध्यानात आले, पण प्रिंटर बिघडला असावा असे समजून ती गोष्ट पुढच्या दिवसावर गेली. प्रिंटर पुन्हा चालू होऊन न्यूयॉर्कने विचारलेले खुलासे हाती पडले, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये शनिवार-रविवारची सुट्टी लागली होती. त्या शुक्रवारी रिकाम्या ट्रेकडे धोक्याचा इशारा म्हणून कोणी पाहिले असते, तर पुढची धावपळ एक दिवस आधी सुरू झाली असती.

आपल्या राज्यातील उदाहरण त्यानंतर अडीच वर्षांनी घडले. ११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या कार्डांच्या नकली प्रती वापरून २८ देशांतील एटीएममधून काही तासांत पैसे काढले गेले, आणि सोमवारी १३ ऑगस्टला स्विफ्टमार्फत १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधील खात्यात गेले. एकूण फटका ९४ कोटी रुपयांहून अधिक होता. कार्डव्यवहारांना मान्यता देणाऱ्या स्विचच्या जागी हल्लेखोरांनी बनावट स्विच उभे केले होते. त्यामुळे त्या व्यवहारांची विचारणा बँकेच्या कोअर बँकिंगपर्यंत, म्हणजे खात्यांचा मुख्य हिशेब ठेवणाऱ्या यंत्रणेपर्यंत, पोहोचतच नव्हती. असा हल्ला पकडायचा, तर दोन ठिकाणच्या नोंदी शेजारी ठेवाव्या लागतात: कार्डांच्या जाळ्यात आपल्या नावावर किती व्यवहारांना मान्यता मिळाली, आणि आपल्या कोअर बँकिंगमध्ये त्यांतील किती उमटले. दिवसअखेर ताळमेळ घालण्याची शिस्त बँकांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. तोच ताळमेळ दर पाच मिनिटांनी घालून तफावत दिसताच फोन वाजवणारा प्रोग्राम लिहिणे आज अवघड नाही, आणि माझ्या मते कोणत्याही महागड्या उपकरणापेक्षा तो बँकेच्या अधिक कामाचा आहे.

घुसखोर आत शिरल्यापासून सापडेपर्यंतचा काळ मोजणारे वार्षिक अहवाल मँडियंट ही कंपनी प्रसिद्ध करते. त्यांनुसार हा मध्यक काळ (निम्म्या घटनांत याहून कमी, निम्म्यांत जास्त) २०११ साली ४१६ दिवस होता आणि २०२३ साली १० दिवसांवर आला. या घसरणीचे श्रेय केवळ देखरेखीला देता येणार नाही, कारण रॅन्समवेअरवाले, म्हणजे फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारे, खंडणीसाठी आपण होऊन समोर येतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सच्या यंत्रणेवर असाच हल्ला झाला आणि तेथील नोंदणीपासून तपासणी अहवालांपर्यंतचे काम कित्येक दिवस हाताने करावे लागले. जो घुसखोर काही न मागता गुपचूप माहिती नेत राहतो, त्याचा माग घ्यायला लॉगशिवाय दुसरे साधन नाही. आणि तो जर १८० दिवसांहून जास्त काळ आत असेल, तर त्याच्या पहिल्या प्रवेशाची ओळ जपणुकीची मुदत संपून केव्हाच नष्ट झालेली असते.

आता प्रत्यक्ष देखरेख कशी होते आणि कुठे फसते, याकडे येतो. मध्य मुंबईतील एका संस्थेत व्हेंडरने सर्व्हर रूमच्या भिंतीवर मोठा टीव्ही लावून त्यावर सर्व्हरचा लॉग सतत दिसेल अशी व्यवस्था केली होती. संचालक मंडळ भेटीला आले की त्यांना तो पडदा दाखवला जाई. मी तिथे दुसऱ्या कामासाठी रात्री थांबलो असताना, बारा वाजल्यानंतर पडद्यावरची शेवटची ओळ जागची हललेली नाही, हे मला दिसले. ड्यूटीवरच्या मुलाला विचारले, तर तो म्हणाला, "रात्री काहीच नसतं सर, सकाळी मशीन रीस्टार्ट केलं की परत चालू होतं." सर्व्हरवर जाऊन पाहिले, तेव्हा ताज्या लॉगमध्ये ओळी धो धो येत होत्या.

कारण साधे होते आणि ते या क्षेत्रातील प्रत्येकाला ठाऊक असायला हवे. लॉग वाढत वाढत डिस्क भरू नये म्हणून सर्व्हर रोज ठरलेल्या वेळी जुन्या फाइलचे नाव बदलतो आणि मूळ नावाची नवी, रिकामी फाइल सुरू करतो. याला रोटेशन म्हणतात. फाइलचे शेपूट दाखवत राहणारी 'टेल' नावाची कमांड स्मॉल 'एफ' लावून चालवली, तर ती उघडलेल्या फाइलला धरून बसते, तिचे नाव काहीही होवो. मध्यरात्री रोटेशन झाले की ती कमांड जुन्या, नाव बदललेल्या फाइलकडे पाहत राहते आणि तिथे पुन्हा कधीच काही लिहिले जात नाही. तीच कमांड कॅपिटल 'एफ' लावून चालवली, तर ती नावावर लक्ष ठेवते आणि नवी फाइल आली की तिच्याकडे वळते. एका अक्षराच्या फरकामुळे ती संस्था रोज रात्री बारापासून सकाळी कार्यालय उघडेपर्यंत आंधळी होती, आणि हल्लेखोरांना हीच वेळ आवडते. व्हेंडरच्या मासिक अहवालात 'देखरेख २४ तास' असे छापलेले होते.

अशी आणखीही ठिकाणे आहेत. फाइल बदलली की प्रोग्रामला आपण होऊन कळवणारी 'आयनोटिफाय' ही सोय लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्या प्रणालीच्या गाभ्यात, २००५ पासून आहे, आणि तिच्यामुळे दर सेकंदाला फाइलची लांबी तपासत बसण्याची गरज उरली नाही. पण लॉग नेटवर्कवरील सामायिक डिस्कवर असेल आणि लिहिणारे यंत्र दुसरे असेल, तर ही सूचना येत नाही. तिथे जुन्या पद्धतीने ठरावीक अंतराने पाहावेच लागते. काही ठिकाणी रोटेशन करताना फाइलची प्रत काढून मूळ फाइल रिकामी करतात. प्रत काढणे आणि रिकामी करणे यांमधल्या निमिषात लिहिलेल्या ओळी हरवू शकतात. पैशांच्या व्यवहारांच्या लॉगसाठी ही पद्धत वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याहून फसवी गोष्ट म्हणजे बफर. लॉगमधून हव्या त्या ओळी गाळून पुढच्या प्रोग्रामकडे देण्यासाठी 'ग्रेप' वापरतात. त्याचे फळ पडद्यावर न जाता दुसऱ्या प्रोग्रामकडे जात असेल, तर तो प्रत्येक ओळ लगेच पुढे देत नाही. काही हजार अक्षरांचा साठा भरला की एकदम देतो. गर्दीच्या वेळी हा उशीर जाणवत नाही. रात्री मात्र दीड वाजता धोक्याची एकच ओळ येते, साठा भरायला पुरेशा ओळी नसतात, आणि ती ओळ सकाळपर्यंत प्रोग्रामच्या पोटात पडून राहते. ओळ येताच ती पुढे ढकलण्याचा पर्याय त्या कमांडला आहे, तो आठवणीने द्यावा लागतो. अशी यंत्रणा दिवसा तपासली की उत्तम चालते. म्हणून तिची चाचणी रात्री, शांत वेळी घेतली पाहिजे.

या सर्व प्रकारांत समान धागा असा की देखरेख बंद पडली तरी बाहेरून काही बिघडलेले दिसत नाही. म्हणून इशाऱ्यांच्या यादीत माझ्याकडे पहिला नियम असतो तो मौनाचा: सर्व्हरने दर मिनिटाला 'मी आहे' अशी एक ओळ लिहावी, आणि दहा मिनिटे ती आली नाही तर जबाबदार माणसाचा फोन वाजावा. ढाक्यातील त्या प्रिंटरलाही हाच नियम लावलेला असायला हवा होता.

लॉग ज्या यंत्रावर लिहिला जातो तिथेच तो राहू देणे ही दुसरी मोठी उणीव आहे. घुसखोराला सर्व्हरचे पूर्ण अधिकार मिळाले, की आपल्या पाऊलखुणा असलेल्या ओळी पुसणे हे त्याचे पहिले काम असते. १९८६ साली कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल या खगोलशास्त्रज्ञाकडे संगणक-वापराच्या हिशेबातील ७५ सेंटची तफावत शोधण्याचे काम आले. तफावतीमागे घुसखोर आहे असे कळल्यावर त्यांनी बाहेरून येणाऱ्या फोनलाइनींना प्रिंटर जोडले, म्हणजे घुसखोराने टाइप केलेले प्रत्येक अक्षर त्याच क्षणी कागदावर उतरू लागले आणि ते पुसणे त्याच्या हातात राहिले नाही. त्या कागदांच्या आधारे माग पश्चिम जर्मनीपर्यंत पोहोचला आणि आरोपी सोव्हिएत गुप्तचरांना माहिती विकत असल्याचे उघड झाले. आज कागदाची गरज नाही. ओळ लिहिली जाताच तिची प्रत नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्राकडे पाठवणे पुरेसे आहे, आणि त्या दुसऱ्या यंत्राचा पासवर्ड सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाकडे नसावा. हे लॉग पाठवण्याच्या 'सिस्लॉग'च्या जुन्या पद्धतीने यूडीपीवरून, म्हणजे पोचपावतीशिवाय, पाठवले, तर वाटेत हरवलेल्या ओळीचा पत्ता लागत नाही. टीसीपीवरून, म्हणजे पोचपावती घेऊन, आणि तेही कूटबद्ध करून पाठवणे योग्य. विंडोज सर्व्हरवर सुरक्षा लॉग कोणी पुसला, तर पुसल्याचीच नोंद ११०२ या क्रमांकाने होते. ती नोंद दुसऱ्या यंत्रावर पोहोचताच मध्यरात्र असली तरी कोणाला तरी उठवले पाहिजे, कारण प्रामाणिक कारणासाठी तो लॉग पुसण्याचा प्रसंग क्वचितच येतो.

घड्याळांचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण तपासात सर्वाधिक वेळ तिथे जातो. क्लाउडवरील यंत्रे बहुधा जागतिक प्रमाणवेळेत लिहितात आणि कार्यालयातील यंत्रे भारतीय वेळेत; एकीकडचे संध्याकाळचे साडेसहा म्हणजे दुसरीकडचे रात्रीचे बारा, आणि तारीखही बदललेली. घडत्या वेळी दोन लॉग जोडून पाहणाऱ्या प्रोग्रामला घड्याळात पाच मिनिटांचा फरकही चालत नाही, कारण त्याला आधी पासवर्ड स्वीकारला गेला की आधी फाइल उघडली गेली हे ठरवायचे असते.

इशारे किती असावेत, यावर माझे अनेक सहकाऱ्यांशी मतभेद आहेत. प्रत्येक चुकलेल्या पासवर्डाला ई-मेल पाठवणारी यंत्रणा मी पाहिली आहे. ते ई-मेल एका वेगळ्या फोल्डरमध्ये आपोआप जाऊन पडत आणि तो फोल्डर कोणी उघडत नसे. अमेरिकेत २०१३ साली टार्गेट या दुकानसाखळीतून सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती चोरीला गेली. त्या वेळी बसवलेल्या यंत्रणेने इशारा दिला होता, बेंगळुरूतील पथकाने तो पाहून मिनियापोलिसच्या मुख्यालयाला कळवला होता, आणि तिथे त्यावर हालचाल झाली नाही. इशारा पोहोचल्यावर पुढचे पाऊल कोणी, किती मिनिटांत उचलायचे, हे आधी लिहून ठेवलेले नसेल तर यंत्रणेचा खर्च वाया जातो. लहान संस्थेला मोजके नियम पुरतात. एकाच पत्त्यावरून अनेक चुका झाल्यावर मिळालेला प्रवेश, अधिकार असलेला नवा वापरकर्ता तयार होणे, कार्यालय बंद असताना कर्मचाऱ्याच्या नावाने झालेला लॉगिन, डेटाबेसची मोठी प्रत निघणे, लॉगचे पुसणे आणि लॉगचे मौन, एवढ्यांसाठी फोन वाजावा. बाकीचे सकाळी सारांशात वाचले तरी चालते.

मुंबईच्या दृष्टीने एक गोष्ट आवर्जून सांगाविशी वाटते. अनंत चतुर्दशीला, दिवाळीच्या दिवसांत किंवा जोडून आलेल्या सुट्ट्यांमध्ये आपली कार्यालये बंद असतात. पावसाने लोकल बंद पडल्या की उघड्या कार्यालयांतही माणसे पोहोचत नाहीत. सर्व्हर मात्र चालूच असतात. वर सांगितलेल्या दोन्ही बँकांवरचे हल्ले सुट्टीच्या तोंडावर झाले, हा योगायोग मानता येत नाही. संस्था सुट्टीच्या दिवसांची वॉचमनची पाळी न चुकता लावतात. तशीच पाळी सर्व्हरचा इशारा घेणाऱ्या माणसाची लावून त्याचे नाव आणि त्याच्या गैरहजेरीत दुसऱ्याचे नाव सूचनाफलकावर असावे. सरकार नागरिकांना सांगते की फसवणूक झाल्यास वेळ न दवडता १९३० वर फोन करा, कारण पैसे पुढच्या खात्यांत जाण्यापूर्वी ते गोठवता येतात. सामान्य ठेवीदाराकडून मिनिटांच्या तत्परतेची अपेक्षा करताना, त्याच्या ठेवी सांभाळणाऱ्या संस्थेकडून निदान तेवढीच अपेक्षा करणे न्यायाचे आहे.

लॉग अधिक पाहिला जाऊ लागला की तो अधिक माणसांच्या नजरेस पडतो, हा धोकाही नोंदवला पाहिजे. ट्विटरने मे २०१८ मध्ये स्वतःच जाहीर केले की दोषामुळे वापरकर्त्यांचे पासवर्ड अंतर्गत लॉगमध्ये उघड स्वरूपात लिहिले जात होते, आणि तिने सर्वांना पासवर्ड बदलण्याचा सल्ला दिला. आपल्याकडील सॉफ्टवेअरच्या लॉगमध्ये ओटीपी, पूर्ण आधार क्रमांक, रुग्णाचे निदान सर्रास दिसते, कारण सॉफ्टवेअर तयार करताना चुका शोधण्यासाठी लिहिलेल्या ओळी नंतर काढलेल्या नसतात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ नुसार सुरक्षेच्या वाजवी उपायांत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. लॉग दुसऱ्या यंत्राकडे पाठवण्यापूर्वी असे आकडे झाकले गेलेच पाहिजेत, आणि ही अट व्हेंडरच्या करारात लिहिलेली असावी.

खर्चाचे कारण पुढे केले जाते, ते मला मान्य नाही. चुकीचे प्रयत्न मोजून तो पत्ता अडवणारे 'फेल-टू-बॅन', लॉग गोळा करणारे 'आरसिस्लॉग', अनेक सर्व्हरांवर एकत्र लक्ष ठेवणारे 'वाझू', ही सर्व सॉफ्टवेअर मोफत मिळतात आणि लहान संस्थेला एक वेगळे साधे यंत्र पुरते. खरा खर्च माणसाच्या वेळेचा आहे, आणि तो एकट्या पतसंस्थेला जड जात असेल तर एका प्रभागातील आठ-दहा संस्थांनी मिळून एक माणूस नेमावा. सहकाराचे तत्त्व याहून वेगळे काही सांगत नाही. सहकार खात्याने निबंधकांमार्फत तशी सूचना काढावी, आणि 'सर्ट-इन'ने आपल्या निर्देशांत घटना किती वेळात लक्षात यायला हवी याची अट घालावी, अशी माझी आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्याव्या लागतात. सभासदांनी त्या सभेत, आणि लेखापरीक्षकांनी आपल्या भेटीत, 'लॉग ठेवता का' एवढ्यावर थांबू नये, कारण त्याचे उत्तर नेहमी होकारार्थी येते. लेखापरीक्षकाने कार्यालय सुटल्यावर, कोणाला आधी न सांगता, सर्व्हरवर एखाद्या नावाने दहा वेळा चुकीचा पासवर्ड टाकावा, मग योग्य पासवर्डने प्रवेश करायला लावावा आणि घड्याळ लावून बसावे. जबाबदार अधिकाऱ्याचा फोन येईपर्यंत जितकी मिनिटे जातील, तेवढा आकडा अहवालात लिहावा. फोन आलाच नाही, तर तसे लिहावे.

आपला नम्र,
एक सिस्टम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर
मुलुंड (पूर्व), मुंबई
(व्यावसायिक कारणास्तव नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)